चिमट्याला नंबर नसतो

सकाळी साडेदहाला ती तांदळाची गोणी घेऊन आली
आणि लेथच्या पायाशी ओतली:
दोन पाइप, एक टी, बॉटमची जोडी,
चहाच्या कागदी कपात ग्रीसमध्ये बुडवलेले छर्रे.
म्हणाली, काका, हे सगळं एकमेकांत बसवायचंय.

बाहेर छोट्या हत्तीत तिची स्प्लेंडर
पुढच्या चाकाशिवाय,
हनुवटी टेकून बसलेल्या म्हशीसारखी.

खड्ड्यानं दोनदा चिमटा वाकवला होता.
आता जाड हवा, म्हणून पाइप पल्सरचे,
टी कसली ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.
त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं,
सेम टू सेम बसेल, ताई.
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळंच सेम टू सेम बसतं.
बसत नाही
ते असल्फ्याला माझ्याकडे येतं.

व्हर्नियर लावला.
टीचा दांडा बारीक, गाडीची मान रुंद.
फरक तीन मिलीमीटर.
एवढ्याशा फटीतून
अख्खा माणूस निघून जाऊ शकतो.

हर्षाली वैती, जॉबकार्डावर लिहिलं.
ट्रॉम्बे. कामधंदा? असंच विचारलं.
म्हणाली, रक्त पोचवते.
पहाटे घरोघरचे नमुने, आठच्या आत लॅबला.
बाटली फार हिंदकळली तर रक्त फुटतं, काका,
मग म्हातारीला पुन्हा सुई,
आणि शिव्या मला.

मी दाराची जुनी काच बाकावर आडवी ठेवली
आणि पाइप लोळवले.
पहिला गेला, पाण्यासारखा.
दुसऱ्याखालून
एका जागी उजेड आला.

कुठेतरी आपटला होता हा.
कुणीतरी ठोकून सरळ केला, वर क्रोम चढवला.
ज्याची गाडी होती तो उठून घरी गेला की नाही
हे क्रोम सांगत नाही.
हा नाही बसवणार, म्हटलं.
तिनं पर्स उघडली, आत बघितलं, मिटली
आणि रिक्षा पकडून परत कुर्ल्याला गेली.

मधल्या वेळात मी स्लीव्ह काढली,
गनमेटलची, दोन पास रफ, एक फिनिश.
गाडीच्या पुस्तकात तेवढ्यात नजर गेली:
इंजिनाला नंबर, चेसिसला नंबर, रंगसुद्धा नोंदलेला.
जो रोज खड्डे खातो
त्या चिमट्याला नंबर नाही.
माझ्या हेल्परचंही, बुधनचं, तसंच आहे
असं लिहिणार होतो.
पण त्याच्याकडे आधार आहे, पॅन आहे, दोन सिमं आहेत,
गावाकडे पक्कं घर.
उगाच कवितेसाठी माणसाला बेवारस करू नये.

तीन वाजता ती आली, हातात एकच पाइप.
युनिकॉर्नचा, म्हणाली, हाच परवडला.
जाडी तीच. लांबी थोडी जास्त.
काचेवर मात्र सरळ.
तो टीमधून तेवढा वर काढला,
आत स्प्रिंगखाली नळीचा तुकडा,
तेल दोन्हीकडे मापून, सील नवे.
स्लीव्ह दांड्यावर ठोकली, हलक्या हातानं,
बाळाला थोपटतात त्याहून जरा जोरात.
बरोबर आहे असं म्हणणार नाही.
सरळ आहे.

गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारून बघितला,
नाक वाकलं, वर आलं, थांबलं.
हँडल सोडलं तर जरा डावीकडे ओढते.
तिला सांगितलं.
म्हणाली, माझा उजवा हात जड आहे, होईल बरोबर.
हजार देऊन दोनशे उधार ठेवले
आणि डिकीत रिकामा बर्फाचा डबा बांधून गेली.

शटर ओढण्याआधी
तो वाकडा पाइप व्हाइसमध्ये धरला
आणि हॅक्सॉनं मधोमध कापला.
बुधन म्हणाला, भंगारात अख्ख्याचे जास्त आले असते.
आले असते.
पण उद्या तो पुन्हा सरळ झाला असता,
चमकला असता,
आणि कुणाच्यातरी गाडीत
सेम टू सेम बसला असता.